जुन्या गाडीच्या दोन वह्या

२०१५ सालचा नोव्हेंबर. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झाले नव्हते. टपालात जाहिरातींच्या गठ्ठ्यात एक पाकीट निघालं. त्यावर लाल पट्टी होती आणि पट्टीवर 'सेफ्टी रिकॉल' अशी अक्षरं. आत माझं नाव बरोबर, पत्ता बरोबर, गाडीचं मॉडेल आणि साल बरोबर. फक्त गाडी माझी नव्हती. सहा वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, ती मी विकली होती. विकली तीही मंडळाच्या वार्तापत्रात चार ओळींची जाहिरात देऊन, भारतातून नुकत्याच आलेल्या एका तरुण जोडप्याला. पत्रात म्हटलं होतं की, अपघातात ड्रायव्हरसमोरची एअरबॅग फुगताना तिच्या आतला धातूचा डबा फुटू शकतो आणि त्याचे तुकडे लागून गंभीर इजा किंवा मृत्यूही होऊ शकतो.

विकताना मी त्या गाडीचं केवढं कौतुक केलं होतं! कंपनीचं नाव सांगत नाही. ज्या नावांवर आपण मराठी माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतो त्यांतलंच ते एक. दर तीन हजार मैलांना ऑइल बदललेलं, प्रत्येक पावती फायलीत लावलेली, ट्रान्समिशन लोण्यासारखं. "निदान पाच वर्षं तरी मेकॅनिकचं तोंड बघावं लागणार नाही," असं मी त्या मुलाला छातीठोकपणे सांगितलं. सौ.ने त्याच्या बायकोला चहा-पोहे दिले आणि डॅशबोर्डवर ठेवायला एक छोटा पितळी गणपतीही दिला. यात मी काही खोटं बोललो नव्हतो. गाडी खरोखरच उत्तम चालत होती. पण ते पत्र हातात धरून मेलबॉक्सपाशी उभा असताना लक्षात आलं, की मी त्यांना एकच वही दाखवली होती. प्रत्येक गाडीची आणखी एक वही असते, आणि ती गाडी विकल्यानंतरही लिहिली जात राहते, याचा मी विचारच केला नव्हता.

पहिली वही गाडी किती बिघडते याची. दुसरी वही तिच्या बनावटीतच माणसाच्या जिवाला धोका असलेला दोष निघाला आहे का, आणि निघाला असल्यास या विशिष्ट गाडीत तो दुरुस्त झाला आहे का, याची. दोन्ही वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या जातात. एकीत पहिला नंबर काढणारी गाडी दुसरीत नापास असू शकते. आपल्या मंडळात दरवर्षी नवी कुटुंबं येतात, आणि अपार्टमेंटच्या डिपॉझिटनंतर त्यांची पहिली मोठी खरेदी म्हणजे बहुधा जुनी गाडी. म्हणून या दोन्ही वह्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या वहीशी आपली ओळख बरी आहे. पूर्वी कोणीही गाडी घ्यायची म्हटली की पब्लिक लायब्ररीत जाऊन 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'चा एप्रिलचा अंक पुढ्यात ओढायचा आणि लाल-काळे गोळे मोजायचे, हा जवळजवळ एक संस्कारच होता. १९३६ पासून चाललेली ही संस्था जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या स्वतःच्या पैशानं विकत घेते. विश्वासार्हतेचे आकडे मात्र ती चाचणीवरून काढत नाही. ते येतात सभासदांच्या वार्षिक पाहणीतून. गेल्या बारा महिन्यांत तुमच्या गाडीत असं काय बिघडलं, जे खर्च, सुरक्षितता किंवा गाडी अडकून पडणं या दृष्टीनं तुम्हाला गंभीर वाटलं, असा तो प्रश्न असतो. उत्तरं इंजिन, ट्रान्समिशन, ब्रेक, विजेची यंत्रणा अशा घटकांनुसार लावली जातात. गोळ्यांचे रंग आता बदलले, वाचायची जागा बहुतेकांसाठी संकेतस्थळ झाली. पण लायब्ररीचं कार्ड असेल तर अजूनही पुष्कळ ठिकाणी ते फुकट वाचता येतं.

हे तक्ते वाचताना आपण दोन चुका करतो. पहिली म्हणजे कंपनीचं नाव वाचतो आणि साल वाचत नाही. 'होंडा म्हणजे होंडा, टोयोटा म्हणजे टोयोटा', हा आपला मंत्र. पण १९९९ ते २००१ च्या होंडा ओडिसीच्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचा त्रास इतका वाढला, की कंपनीला त्या भागाची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. टोयोटाच्या १९९७ ते २००२ मधल्या काही इंजिनांत ऑइलचा चिखल साचायचा. तिथंही २००२ मध्ये कंपनीनं जादा संरक्षण जाहीर केलं. याच कंपन्यांच्या आगल्यामागल्या वर्षांच्या गाड्या दीड-दोन लाख मैल कुरकुर न करता धावल्या. तेव्हा प्रश्न 'कोणती गाडी' एवढाच नसतो. कोणत्या सालची, कोणत्या इंजिनाची, कोणत्या ट्रान्समिशनची, हे विचारायचं असतं. मॉडेल नव्यानं घडवलं जातं त्या पहिल्या वर्षाची गाडी मी शक्यतो टाळतो. घर बांधून झाल्यावर पहिला पावसाळा दुसऱ्या कुणीतरी काढलेला बरा.

दुसरी चूक म्हणजे चांगला गोळा ही हमी समजणं. दहा वर्षांच्या गाडीला चांगला शेरा असेल, तर तिच्याच वयाच्या इतर गाड्यांपेक्षा ती कमी बिघडते, एवढाच त्याचा अर्थ. जे. डी. पॉवर या कंपनीच्या टिकाऊपणाच्या पाहणीचे करंडक डीलरच्या जाहिरातीत झळकतात. ती पाहणी तीन वर्षं वयाच्या गाड्यांची असते आणि आकडा असतो दर शंभर गाड्यांमागे किती तक्रारी. त्या तक्रारींत गिअर अडकणं आणि फोन नीट न जुळणं हे दोन्ही एक-एक तक्रारच धरले जातात. नऊ वर्षांची गाडी घेणाऱ्यानं त्या करंडकाकडे बघून हरखून जाण्यात अर्थ नाही.

आता दुसरी वही.

ती का अस्तित्वात आली याचा इतिहास मोठा वाचनीय आहे, पण थोडक्यात सांगतो. १९६५ च्या अखेरीस राल्फ नेडर या तरुण वकिलाचं 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक निघालं. अपघात झाला की दोष चालकाचा, हा तोवरचा समज. गाडीची रचनाच माणसाला मारू शकते, हे त्यानं मांडलं. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन-सुरक्षेच्या कायद्यावर सही केली आणि १९७० मध्ये आजची राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्था, म्हणजे एन.एच.टी.एस.ए., उभी राहिली. गंमत अशी, की सुरुवातीला कंपनीवर दोष कळवण्याचं बंधन होतं, पण फुकट दुरुस्त करून देण्याचं नव्हतं. तो हक्क १९७४ च्या दुरुस्तीनं मिळाला. आज रिकॉलचं काम झालं की गिऱ्हाइकानं एक पैही द्यायची नसते. गाडी तिथून घेतलेली नसली, तुम्ही तिचे चौथे मालक असलात, तरी त्या कंपनीच्या कोणत्याही अधिकृत डीलरला ते करून द्यावं लागतं. दोष जाहीर झाला त्या दिवशी गाडीच्या पहिल्या विक्रीला पंधरा वर्षं उलटून गेलेली नसावीत, एवढीच कायद्याची अट.

मग अडतं कुठं? पत्रात. कंपनीनं दोष संस्थेला कळवला की साठ दिवसांत मालकांना टपालानं पत्रं पाठवावी लागतात. नावं-पत्ते मिळतात राज्यांच्या वाहन-नोंदणीतून. नोंदणीत माणूस सापडला नाही तर कंपनीला ठाऊक असलेल्या शेवटच्या खरेदीदाराला पत्र जातं. माझ्याकडे आलं ते असंच आलं असणार, कारण ती गाडी मी शोरूममधून नवी घेतली होती. आता आपल्या लोकांचं जीवन बघा. पहिलं वर्ष कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, मग अपार्टमेंट, मग प्रोजेक्ट बदलला म्हणून दुसरं राज्य, मग पुन्हा अपार्टमेंट. लायसन्सवर एक पत्ता, रजिस्ट्रेशनवर दुसरा, प्रत्यक्षात तिसरा. गाडी आपल्याबरोबर येते, पत्र येत नाही. वरून ते पाकीट 'तुमची वॉरंटी संपत आली आहे' छाप भोंदू पत्रांच्या इतकं शेजारी पडतं, की आलं तरी कचऱ्यात जातं.

शिवाय रिकॉल निघायला वेळ लागतो. जनरल मोटर्सच्या शेव्ही कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांत किल्लीचा खटका सैल होता. चालत्या गाडीत तो 'रन'वरून सरकायचा, इंजिन बंद पडायचं आणि त्याबरोबर एअरबॅगही मुकी व्हायची. कंपनीतल्या काही इंजिनिअरांना याची कुणकुण दशकभर आधीपासून होती. रिकॉल निघाला २०१४ मध्ये. कंपनीच्याच भरपाई निधीनं पुढं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तोवर त्या गाड्या कुणाच्या हातात होत्या? स्वस्तात जुनी गाडी घेणाऱ्यांच्या. कॉलेजच्या पोरांच्या. दोष पहिल्या मालकाच्या काळात घडतो आणि पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या काळात उघडकीला येतो.

माझ्या पत्रामागची कथा तर याहून मोठी. जपानची ताकाता ही कंपनी कितीतरी मोटार कंपन्यांना एअरबॅग पुरवायची. एअरबॅग फुगवायला एका छोट्या धातूच्या डब्यात रसायन असतं; ते क्षणार्धात जळून वायू होतो. ताकातानं त्यासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते रसायन बिघडतं, हवं त्यापेक्षा फार जोरात जळतं आणि डबाच फुटतो. मग जीव वाचवायला बसवलेली वस्तू हातबॉम्बसारखी वागते. अमेरिकेत पहिला रिकॉल २००८ मध्ये निघाला तो काही हजार गाड्यांचा. वाढत वाढत तो सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगांपर्यंत गेला. या देशाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा रिकॉल. जून २०१७ मध्ये ताकातानं दिवाळं जाहीर केलं. या एअरबॅगांमुळे अमेरिकेत झालेले २८ मृत्यू एन.एच.टी.एस.ए.ने नोंदले आहेत.

सर्वांत धोकादायक ठरल्या त्या कोणत्या गाड्या, हे वाचून मी चमकलो. २००१ आणि २००२ च्या सिव्हिक आणि अकॉर्ड, २००२ ची ओडिसी आणि सीआर-व्ही, २००३ ची पायलट, त्याच सुमाराच्या काही अॅक्युरा. म्हणजे आपल्या पॉटलकच्या पार्किंग लॉटमधली अर्धी वरात! ३० जून २०१६ रोजी संस्थेनं स्पष्ट सांगितलं, की यांतले काही डबे अपघातात फुटण्याची शक्यता पन्नास टक्क्यांपर्यंत आहे; दुरुस्तीला नेण्यापुरत्या सोडून या गाड्या चालवू नका. पहिल्या वहीत या गाड्यांचे गुण वाखाणण्यासारखे. टिकाऊ म्हणूनच त्या पंधरा-पंधरा वर्षं रस्त्यावर राहिल्या, हातोहात विकल्या गेल्या, गरम आणि दमट राज्यांत जाऊन पोचल्या. त्यांचा टिकाऊपणाच धोक्याच्या कामी आला.

मार्च २०१६ मध्ये ह्यूस्टनजवळच्या फोर्ट बेंड काउंटीत अशीच एक २००२ ची सिव्हिक पुढच्या गाडीवर आदळली. टक्कर फार मोठी नव्हती. चालवणारी मुलगी सतरा वर्षांची होती. डब्याचा तुकडा मानेत घुसून ती गेली. गाडी कुटुंबानं जुनी घेतलेली होती. आम्ही पत्रं पाठवली होती, असं कंपनीचं म्हणणं. आम्हाला एकही मिळालं नाही, असं घरच्यांचं. दोघंही खरं बोलत असणं अगदी शक्य आहे.

तेव्हा पत्राची वाट बघायची नाही. आपणच वहीकडे जायचं. तिची किल्ली म्हणजे सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक, ज्याला इथं सगळे 'व्हिन' म्हणतात. तो ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून वाचता येतो, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, रजिस्ट्रेशनवर आणि इन्शुरन्सच्या कार्डावरही असतो. १९८१ पासून तो सर्व गाड्यांना सारख्या पद्धतीनं दिला जातो. त्यात 'आय', 'ओ' आणि 'क्यू' ही अक्षरं कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. पहिलं अक्षर कुठल्या देशात बांधली ते सांगतं: 'जे' जपान, 'के' कोरिया, १, ४ किंवा ५ अमेरिका. दहावं स्थान मॉडेल-वर्षाचं: 'ए' म्हणजे २०१०, 'बी' २०११, 'जे' २०१८, 'एल' २०२०. विकणारा २०१९ म्हणतोय आणि दहाव्या जागी 'जे' दिसतोय, तर तिथंच त्याच्याकडे बघून हसावं. काचेवरचा आणि दारावरचा क्रमांक जुळला नाही तर हसू सुद्धा नये, निघावं.

ऑगस्ट २०१४ पासून हा क्रमांक एन.एच.टी.एस.ए.च्या संकेतस्थळावर 'रिकॉल्स'च्या पानावर टाकला, की त्याच गाडीचे, त्या मॉडेलचे नव्हे, दुरुस्त न झालेले रिकॉल दिसतात. पैसे नाहीत, नाव-गाव नाही. इंटरनेटशी ज्यांचं जमत नाही त्यांनी कंपनीच्या डीलरच्या सर्व्हिस काउंटरवर फोन करून क्रमांक वाचून दाखवला तरी चालतं. उत्तर वाचताना मात्र थोडं तारतम्य हवं. 'शून्य' आलं म्हणजे पूर्वी कधी रिकॉल निघालेच नाहीत असं नव्हे. निघाले असतील तर त्यांचं काम झालं आहे. ही नोंद गेल्या पंधरा वर्षांपुरतीच असते. नुकताच जाहीर झालेला रिकॉल असेल तर सगळे क्रमांक अजून चढलेले नसतात. आणि आजचं शून्य उद्याचं शून्य नव्हे. माझ्याच गाडीचं बघा. २००९ मध्ये मी चौकशी केली असती तरी या दोषाचं पान कोरंच निघालं असतं. म्हणून वर्षातून दोनदा, घड्याळं पुढंमागं करतो त्या रविवारी, घरातल्या सगळ्या गाड्यांचे क्रमांक टाकून बघायची सवय मी लावून घेतली आहे.

त्याच पानावर मालकांच्या तक्रारी आणि कंपनीनं डीलरांना पाठवलेली तांत्रिक परिपत्रकंही असतात. तक्रारी कुणी तपासलेल्या नसतात, त्यामुळे संख्येला भुलू नये. लाखो विकल्या गेलेल्या गाडीच्या तक्रारी जास्तच असणार. बघायचं ते साम्य. चाळीस जण वेगवेगळ्या राज्यांतून लिहिताहेत, की ऐंशी हजार मैलांच्या सुमाराला चढावर गाडीचा जोर जातो, तर ते मनावर घ्यावं. परिपत्रक म्हणजे रिकॉल नव्हे, त्यातली दुरुस्ती फुकट असेलच असं नाही. पण या गाडीचं काय दुखतं हे कंपनीला ठाऊक आहे, असा तो कबुलीजबाबच असतो.

गेल्या वर्षी माझा भाचा बायको आणि दीड वर्षाच्या मुलीसह न्यू जर्सीत आला. दुसऱ्याच आठवड्यात फोनवर फोटो घेऊन हजर. "मामा, फक्त बावन्न हजार मैल झालेत, आणि डीलर 'सर्टिफाइड' म्हणतोय. अजून काय बघायचं?"

मी म्हटलं, काचेवरचा क्रमांक बघायचा. टाकला. दोन रिकॉल निघाले, दोन्हींचं काम बाकी. त्यांतला एक ब्रेकशी संबंधित. तो परत गेला आणि विक्रेत्याला विचारलं. विक्रेता शांतपणे म्हणाला, "ते तुम्ही नंतर करून घ्या, फुकटच असतं." भाचा चिडला, पण विक्रेता कायद्याबाहेर बोलत नव्हता. काम न झालेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही. मोठ्या कंपन्यांना ती भाड्यानं देताही येत नाही. भाड्याच्या गाडीत दोन बहिणींचा जीव गेल्यावर त्यांच्या नावानं झालेला हा कायदा २०१६ पासून लागू आहे. जुन्या गाडीच्या विक्रीला मात्र केंद्रीय कायद्याची अशी आडकाठी नाही. 'सर्टिफाइड' शब्दानंही दबून जाऊ नये. बाकी असलेल्या रिकॉलसह गाड्या कसून तपासल्याच्या जाहिराती केल्याबद्दल फेडरल ट्रेड कमिशननं २०१६ मध्ये जनरल मोटर्स आणि दोन डीलर-साखळ्यांवर कारवाई केली होती. हा सापळा नवा नाही.

आम्ही विक्रेत्याला एवढंच सांगितलं, की काम करून त्याचा कागद दाखवा, मग येतो. आधी तो टाळत होता. चार दिवसांनी त्याचाच फोन आला. एका रिकॉलचं काम झालं होतं, दुसऱ्याचे भाग यायचे होते. आम्ही ती गाडी सोडली. भाग नाहीत, काम कधी होईल सांगता येत नाही, अशा गाडीत मी तरी लहान मूल बसवणार नाही. ज्यांची गाडी आधीच घेतलेली आहे आणि भाग मिळत नाहीत, त्यांनी डीलरकडे बदली गाडी मागून बघावी. नेहमी मिळते असं नाही, पण न मागता तर नाहीच मिळत. आणि रिकॉल निघायच्या आधी तोच दोष पदरमोड करून दुरुस्त केला असेल तर पावती टाकू नका. पैसे परत मागता येतात.

लहान मुलावरून आठवलं. आपल्याकडे मुलांच्या कार-सीट एका घरातून दुसऱ्या घरात पाळण्यासारख्या फिरतात. त्यांचेही रिकॉल असतात, आणि त्यांची नोंदणी सीटबरोबर आलेलं कार्ड ज्यानं भरलं त्याच्या नावावर असते. फिरत आलेल्या सीटच्या स्टिकरवरचं मॉडेल आणि तारीख बघून तेही त्याच पानावर तपासावं. टायरचंही तसंच; बाजूवर 'डॉट'नंतरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

दोन्ही वह्यांत न सापडणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे या एका गाडीचं आजवरचं नशीब. ती पुरात बुडाली होती का, इन्शुरन्सनं भंगारात काढली होती का, मैलांचा काटा मागं फिरवला आहे का. २०१२ च्या सँडीनंतर आपल्याच किनाऱ्यावरून आणि २०१७ च्या हार्वीनंतर ह्यूस्टनहून किती गाड्या धुऊन-पुसून इतरत्र विकल्या गेल्या असतील, कल्पना करा. यासाठी राज्यांच्या टायटल-नोंदी एकत्र करणारी राष्ट्रीय यंत्रणा २००९ पासून ग्राहकांना खुली आहे. थोडे पैसे देऊन अहवाल मिळतो. कारफॅक्सचा अहवाल घ्यावा, पण रोख पैसे देऊन गुपचूप दुरुस्त केलेला अपघात त्यात येत नाही हे ध्यानात ठेवावं. आणि शेवटी डीलरच्या ओळखीचा नव्हे, आपला मेकॅनिक. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणारा. त्याची फी म्हणजे एका कुटुंबाच्या बाहेरच्या जेवणाएवढी. जो विक्रेता गाडी मेकॅनिककडे नेऊ देत नाही त्यानं उत्तर दिलेलंच असतं. न्यू जर्सीकरांसाठी एवढंच, की इथं सात वर्षांपर्यंतच्या आणि लाख मैलांच्या आतल्या, डीलरकडून घेतलेल्या गाडीला जुन्या गाड्यांचा लेमन लॉ लागू होतो; मैलांनुसार तीस ते नव्वद दिवस. शेजाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला नाही.

भाच्यानं शेवटी तिसरी गाडी घेतली. जरा म्हातारी, रंगानं डोळ्यांत न भरणारी. सूनबाई नाखूश होती. आता तिचीच झाली आहे.

राहिली माझी विकलेली गाडी. पत्राबरोबरच्या कार्डावर 'गाडी विकली' असं लिहून नवं नाव कळवायचं असतं. मी नाव लिहिलं, पत्ता कुठला लिहिणार? त्या मुलाचा जुना फोन बंद होता. मंडळाच्या जुन्या वर्गणी-यादीतून त्याच्या मित्राचा माग काढला, मित्राकडून कळलं की ते २०११ मध्ये ह्यूस्टनला गेले. तिथल्या ओळखीच्यांनी आठवडाभरात नंबर मिळवून दिला. मुलगा फोनवर आनंदानं बोलला. दोन मुलं झाली, घर झालं. गाडी? "काका, गाडी फार छान होती. २०१३ मध्ये एका स्टुडंटला दिली. क्रेगलिस्टवर. नाव आता आठवत नाही."

ह्यूस्टन. उकाडा आणि दमट हवा.

माझ्या फायलीत जुन्या पावत्या होत्या, पावतीवर सतरा आकडी क्रमांक होता. तो टाकला. एक रिकॉल, काम बाकी. त्या मुलानं आपल्या बाजूनं जुने ईमेल उकरले, मी कंपनीला फोन केला. नोंदणीतल्या मालकाचं नाव ते मला सांगणार नव्हते, आणि ते योग्यच. त्यांनी फक्त पुन्हा पत्र पाठवतो म्हटलं. त्यानंतर घड्याळं बदलायच्या रविवारी आमच्या दोन गाड्यांबरोबर मी तिसरा क्रमांकही टाकू लागलो. मार्च २०१६, एक. नोव्हेंबर, एक. २०१७ मध्ये दोन्ही वेळा एक. हार्वीच्या पुरात ती गेली असेल असंही मनात येऊन गेलं.

मार्च २०१८ मध्ये पडद्यावर शून्य आलं. कोण मालक आहे, कुठल्या डीलरकडे नेली, पत्र मिळालं की कुणी सांगितलं, काहीच ठाऊक नाही. पुन्हा एकदा क्रमांक टाकून बघितला, शून्यच. सौ.ला हाक मारून दाखवलं. तिनं चष्मा लावून ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "अहो, गणपती असेल का हो अजून डॅशबोर्डवर?"